मर्टी शीहानची डावी बाजू

मर्टी शीहानला मी पहिल्यांदा पाहिलं ते विलार्ड फॉल्सच्या कागद कारखान्यामागच्या मैदानावर, अठराशे अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये. मी टेकड्यांकडच्या शेतावरून आलो होतो. वय वीस, दंडात जोर, आणि चेंडू फेकायला कुणी न शिकवताही यायचं. गावच्या बेसबॉल क्लबाने मला पारखायला बोलावलं होतं, पण माझा चेंडू पकडायलाच कुणी टिकेना. पहिला कॅचर दुसऱ्या चेंडूला हात झटकत बाजूला झाला. त्याच्यानंतर जो उभा राहिला त्याच्या करंगळीचं नख उलटं झालं. शेवटी कुणीतरी कारखान्यात जाऊन लगद्याच्या हौदावरून मर्टीला बोलावून आणलं.

तो कोपरापर्यंत ओलाच आला. बुटका, रुंद खांद्यांचा, तांबूस मिशांचा माणूस. हात विजारीला पुसून तो बॅटवाल्याच्या जागेमागे उभा राहिला.

"टाक," तो म्हणाला.

मी होता नव्हता तेवढा जोर लावून टाकला. चेंडू त्याच्या उघड्या हातांत गेला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. चेंडू येईल तसे हात मागे न्यायचे आणि त्याला हळूच थांबवायचं, ही त्याची रीत. आम्ही बाकीचे चेंडू अडवायचो, तो चेंडू घ्यायचा.

"मला म्हणाले, माणूस मारणारा पोरगा आलाय," तो म्हणाला. "कधी मारतोस? मला परत कामावर जायचंय."

त्या दिवसापासून आमची जोडी झाली. मी लिमन टटल, तो मर्टी शीहान. गावात कुणी एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं आपोआप यायचं. जूनपासून क्लब आम्हाला महिन्याचा पगार द्यायला लागला आणि मर्टीने हौद सोडला. दहाव्या वर्षी तो त्या हौदावर लागला होता, एकविसाव्या वर्षी सुटला. खेळायचे पैसे मिळतात हे त्याच्या आईला पटायलाच तयार नव्हतं. पहिल्या पगाराच्या दिवशी ती क्लबाच्या कचेरीत जाऊन विचारून आली, की पोराने हे कुठून उचललं तर नाही ना.

कॅचरचं काम तेव्हा कसलं होतं ते आजच्या जाड गादीसारख्या हातमोज्यांच्या पोरांना कळायचं नाही. मर्टीच्या हातात बोटं कापलेले पातळ कातडी मोजे, बस्स. दोन फटके हुकले किंवा कुणी गडी मैदानातल्या तीन टप्प्यांपैकी एखाद्या बेसवर पोहोचला, की त्याला थेट बॅटच्या टोकाखाली यावं लागे. मी पंधरा-सोळा पावलांवरून जीव खाऊन फेकणार, आणि मध्ये बॅट फिरणार. बॅटला नुसता निसटता लागलेला चेंडू कुठे वळेल ते फेकणाऱ्याला माहीत नाही, मारणाऱ्याला माहीत नाही. तोंडावर बांधायच्या तारेच्या जाळ्या नुकत्याच निघाल्या होत्या. मर्टी त्या घालणाऱ्यांची टर उडवायचा. "पिंजऱ्यातला पोपट आला," असं तो दुसऱ्या संघाच्या कॅचरला म्हणायचा. "दाणे घातलेत का रे याला?"

पुढच्या वर्षी, मे महिन्यात, सरावाच्या वेळी तसाच एक निसटता चेंडू त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला.

चेंडू मी टाकला होता. माझा वळता चेंडू तेव्हा नुकताच जमायला लागला होता आणि मला तो दहादा टाकून बघायचा होता. मर्टी म्हणाला होता, आज पुरे. मी म्हणालो, एकच. त्या एकाला आमचाच बॅटवाला हुकला, पुरता हुकला नाही, आणि मर्टी गुडघ्यांवर बसला. ओरडला नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून मातीकडे वाकून बसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "कुणी हसू नका."

डोळा तीन आठवडे काळानिळा होता. डॉक्टर म्हणाला, सूज उतरू दे, मग बघू. सूज उतरली. मर्टी मैदानावर परत आला तो तारेची जाळी घेऊन. सगळ्यांनी मनसोक्त चिडवलं. त्याने कुणालाही उत्तर दिलं नाही, आणि तेवढंच मला खटकलं. मर्टी उत्तर देत नाही असं कधी झालं नव्हतं.

जूनमधल्या एका रविवारी त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. हॅनोरा, त्याची बायको, पूर्वी कारखान्यात चिंध्या निवडायची. उंच, शांत, नजरेतून काही न सुटणारी बाई. तिने कोबी आणि खारवलेल्या मांसाचं ताट आणलं आणि बटाट्याचं भांडं मर्टीच्या डाव्या हाताशी ठेवलं. मर्टी पावाकडे वळला आणि त्याच्या कोपराने भांडं जमिनीवर गेलं.

"तिसरं," हॅनोरा म्हणाली. एवढंच. आणि माझ्याकडे पाहिलं.

जेवण झाल्यावर मी आणि मर्टी परसात गेलो. तो कुंपणाची एक सैल फळी बघत होता. मी त्याच्या डाव्या बाजूला सात-आठ पावलांवर उभा राहिलो, खिशातून सफरचंद काढलं आणि त्याच्याकडे हळूच फेकलं. जगातला कुठलाही चेंडू घेणारा माणूस. सफरचंद त्याच्या कानावर आपटलं.

तो वळला. सफरचंदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता गुद्दा बसणार.

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्या दिवसापासून."

"काहीच दिसत नाही?"

"उजेड कळतो. कुणी दिवा लावला तर कळतो. कुणी लावला ते कळत नाही."

"हॅनोराला सांगितलंस?"

"तिला सांगितलं तर उद्या मी परत हौदावर." त्याने घराकडे नजर टाकली. "अकरा वर्षं, लिमन. अकरा वर्षांत त्या फोरमनला माझं नाव माहीत नव्हतं. हौद नंबर चार म्हणायचा. इथे पाच हजार माणूस माझं नाव घेऊन शिव्या देतो. मला तेच पाहिजे."

"मरशील."

"तू नीट टाकलास तर नाही मरणार." मग म्हणाला, "आणि मी गेलो तर तुझं कोण पकडणार?"

हे त्याने धमकी म्हणून म्हटलं नव्हतं, पण मला लागायचं तिथेच लागलं. माझा चेंडू पकडू शकणारा दुसरा माणूस मी पाहिला नव्हता. मोठ्या शहरांचे क्लब जोडी घेत, एकटा पिचर, नुसता चेंडू फेकणारा, कुणी घेत नसे. मी गप्प राहिलो ते मैत्रीसाठी, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. अर्धं तरी ते माझ्या स्वतःसाठी होतं.

मग आम्ही युक्त्या बसवल्या. उजव्या हाताने मारणारा बॅटवाला कॅचरच्या डाव्या अंगाला उभा असतो, म्हणजे बॅट यायची ती मर्टीच्या आंधळ्या बाजूने. त्यावर त्याने मान किंचित डावीकडे वळवून, हनुवटी खांद्याला लावून उभं राहायला सुरुवात केली. जाळीमुळे ते कुणाच्या लक्षात येत नसे. चेंडू शक्यतो त्याच्या उजव्या खांद्याच्या रेषेत टाकायचा हे माझं काम. सर्वात मोठी अडचण तिसऱ्या बेसची. तोसुद्धा डावीकडेच. तिथला गडी धाव पुरी करायला मर्टीच्याच पायाशी येणार, आणि मर्टीने त्याला चेंडूसकट शिवलं तरच तो बाद; पण तो पुढे सरकत आला तर मर्टीला पत्ता लागणार नाही. म्हणून खूण ठरली: गडी बेसपासून फार सुटला तर मी हात मांडीला पुसणार, आणि धावत सुटला तर डोक्यावरची टोपी काढणार. मर्टी मला उजव्या डोळ्याने बघत असणार. एका पडक्या कोठाराच्या मागे आम्ही पंधरा दिवस सकाळी हा सराव केला. टोपी काढायची, तो वळायचा. टोपी काढायची, तो वळायचा. माझ्याच मनात येई, आपण दोघं शाळेतल्या पोरांसारखे चोरी करायला शिकतोय.

आणि ते जमलं, हे सांगायलाच हवं. त्या उन्हाळ्यात आम्ही एकोणीस सामने जिंकले. ऑगस्टमध्ये पोर्ट लेव्हरेटच्या क्लबाचे व्यवस्थापक आयझॅक ड्रेपर आम्हाला पाहायला आले. काळा कोट, हातात छत्री, ऊन असो की नसो. त्या दिवशी सातव्या डावात मला भीती वाटायला लागली. दोन निसटते चेंडू मर्टीच्या जाळीवर खणखणून गेले होते. मी जोर कमी केला. लगेच समोरच्यांनी ओळीने तीन फटके मारले. मर्टी चेंडू घेऊन माझ्यापर्यंत चालत आला.

"काय करतोयस?"

"जरा दमलोय."

"खोटं बोलू नकोस. तो छत्रीवाला मला बघायला आलाय. तू माझी दया करतोयस ते त्याला सांगायचंय तुला?" त्याने चेंडू माझ्या तळहातात दाबला. त्याची दोन बोटं मागेच मोडून वाकडी झाली होती, ती मला टोचली. "टाक नाहीतर घरी जा."

मी टाकला. ड्रेपरांनी संध्याकाळी दोघांनाही घेतलं.

गाव सोडण्याच्या आदल्या सकाळी हॅनोरा मला पुलावर भेटली. मुद्दाम थांबली होती.

"एकच विचारते," ती म्हणाली. "तो मला सांगत नाही. तू सांग. त्याच्या डोळ्याला काही झालंय?"

"नाही."

"माझ्याकडे बघून सांग."

मी तिच्याकडे बघून सांगितलं. तिने मान हलवली आणि निघून गेली. तिचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता, हे मला तेव्हाच कळलं.

पोर्ट लेव्हरेटचं मैदान बंदराला लागून होतं. वारा समुद्राकडून यायचा आणि चेंडू हवेत डुलायचा. तिथले लोक पैसे टाकून आत येत आणि पैसे वसूल होईस्तो ओरडत. मर्टीला ते आवडायचं. जाळी वर करून तो त्यांना सलाम ठोकायचा. अठराशे ऐंशीच्या त्या हंगामात तो जसा खेळला तसा कॅचर मी नंतर पाहिला नाही. एका डोळ्याने. मी हे लिहितो तेव्हा अजूनही हात थांबतो. चेंडू किती लांब आहे हे एका डोळ्याला नीट कळत नाही. तो ते माझ्या खांद्यावरून, माझ्या पायाच्या टाचेवरून ओळखायचा. माझं अंग त्याला पाठ होतं.

पण दर सामन्यात काहीतरी नवं लागायचं. जूनमध्ये वरचा दात गेला. जुलैमध्ये बॅटचं टोक कानामागे लागलं आणि तो दोन डाव कुठे आहे हे न कळता खेळला. मी विचारलं, किती धावा झाल्यात? तो म्हणाला, "तू सांग, पगार तुलाही मिळतो." तो हसला, मला हसू आलं नाही. मला झोपेत टोपी काढायची सवय लागली होती. खोलीतला सोबती म्हणाला, तू झोपेत कुणाला नमस्कार करतोस?

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी वरच्या क्रमांकाचा संघ आला. त्यांच्यात जेप बेमिस नावाचा गडी होता. घोड्याच्या छातीचा, गोड बोलणारा, आणि सामन्यापेक्षा माणसं जास्त बघणारा. पहिल्याच डावात तिसऱ्या बेसजवळ उभं राहून आपल्या गड्याला ओरडून सूचना देता देता त्याने मर्टीकडे बघून जीभ काढली. मर्टी हलला नाही. पुढच्या डावात बेमिसने टोपी हलवली. मग डोळ्यांसमोर हात नाचवतात तसा हात नाचवला. मर्टी स्थिर. कुठलाही कॅचर एकदा तरी शिवी देतो. बेमिस विचारात पडला, हे मला माझ्या जागेवरून दिसत होतं.

पाचव्या डावानंतर तो माझ्या जवळून गेला.

"टटल," तो अगदी आपुलकीने म्हणाला, "तुझ्या जोडीदाराच्या घराची डावी खिडकी बंद असते काय रे?"

"तुझं तोंड बंद ठेव."

"अस्सं," तो म्हणाला, आणि मला कळलं की मी उत्तर द्यायला नको होतं.

मी मर्टीला सांगितलं. जाळीआडून त्याचा उजवा डोळा तेवढा दिसत होता.

"कळलं तर कळलं," तो म्हणाला. "त्याला तिसऱ्या बेसपर्यंत येऊच देऊ नकोस."

आठव्या डावापर्यंत आलाच नाही. नवव्या, शेवटच्या डावात आमच्या चार धावा, त्यांच्या तीन. दोन गडी बाद. आणखी एक बाद झाला की आम्ही जिंकलो. बेमिस बॅट घेऊन आला आणि त्याने माझा वळता चेंडू उजव्या कुंपणापर्यंत मारला. तो तिसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला, विजारीची धूळ झटकत, मर्टीकडे बघत. पुढचा गडी चार हातांवर पडलेल्या हलक्या फटक्यावर पहिल्या बेसवर पोहोचला. आता दोघं बेसवर, आणि बॅटवर उजव्या हाताने मारणारा तगडा माणूस.

मर्टी बॅटखाली आला. मागे लोक एवढे ओरडत होते की माझाच श्वास मला ऐकू येत नव्हता. बेमिस बेसपासून सुटायला लागला. एक पाऊल, दोन, चार. मी हात मांडीला पुसला. मर्टीने मान हलवली, कळलं. मी टाकला. बॅटवाला जोरात फिरला आणि हुकला. चेंडू मर्टीच्या हातात.

त्या क्षणी पहिल्या बेसवरचा गडी दुसऱ्याकडे निघाल्यासारखा दोन पावलं पळाला आणि थांबला. ते मुद्दाम होतं. मर्टीने त्याच्याकडे पाहिलं. उजवीकडे. आणि डावीकडून बेमिस सुटला.

मी टोपी काढली. मर्टी माझ्याकडे बघत नव्हता. मी टोपी जमिनीवर आपटली. बेमिस अर्ध्या वाटेवर होता आणि तो मर्टीच्या पायाशी असलेल्या बेसकडे धावतच नव्हता. खांदा खाली घालून तो मर्टीच्या बरगड्यांकडे धावत होता. न बघता उभ्या असलेल्या माणसाला तसा धक्का बसला तर काय होतं ते मी त्याच महिन्यात एका सामन्यात पाहिलं होतं. त्या कॅचरला दरवाजाच्या फळीवर घालून नेलं होतं.

"मर्टी, डावीकडे," मी ओरडलो. "डावीकडून येतोय, तुला दिसत नाहीये."

तो वळला. बेमिसचा खांदा त्याच्या छातीऐवजी दंडावर बसला. दोघं धुळीत कोलमडले. जाळी तुटून एकीकडे पडली. धूळ खाली बसली तेव्हा मर्टी पाठीवर पडला होता आणि चेंडू त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. अंपायरने हात वर केला. बेमिस बाद. सामना आमचा.

लोक कुंपणावरून आत आले. बेमिस उठून बसला, ओठाचं रक्त पुसलं आणि आमच्या बाकाकडे तोंड करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्याला दिसत नाही. त्याच्याच पिचरने सांगितलं, मी नाही."

ड्रेपर बाकावरून उठले होते. त्यांनी छत्री मिटली.

कपडे बदलायची फळ्यांची खोली मैदानाच्या टोकाला होती. आत आम्ही नऊ जण आणि ड्रेपर. कुणीही बूट सोडत नव्हतं. मर्टी बाकड्यावर बसला होता, दंड लोंबकळत होता.

"शीहान," ड्रेपर म्हणाले, "उजव्या डोळ्यावर हात ठेव."

"सामना जिंकून दिला, साहेब."

"दिलास. हात ठेव."

मर्टीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं काम आपण एकट्याने करत होतो असं आता कळल्यासारखं. मग चांगला हात उचलून त्याने उजवा डोळा झाकला.

ड्रेपरांनी बोटं पुढे धरली. "किती?"

 बाहेर लोक अजून त्याचंच नाव घेत होते.

"खिडकी कुठे आहे ते सांगू शकतो," मर्टी म्हणाला. "बाकी मला माहीत नाही."

ड्रेपरांनी हात खाली केला. वाईट माणूस नव्हते ते. त्यांचा आवाज बसला होता. "माझ्या मैदानावर मला तुझं प्रेत उचलायचं नाही, शीहान. तू मला सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर घेतलं असतं?"

"नाही."

"मग?" मर्टी म्हणाला, आणि एका हाताने बुटाची नाडी सोडायला लागला. मी खाली वाकून मदत करायला गेलो. "तू राहू दे," तो म्हणाला. त्यानंतर तो माझ्याशी चार वर्षं बोलला नाही.

सोमवारी तो विलार्ड फॉल्सला परत गेला. मी गेलो नाही. करार मोडून गेलेल्या गड्याला दुसरा कुठला क्लब उभा करत नसे. मी तसं हॅनोराला पत्रात लिहिलं. तिने उलट लिहिलं: "डोळ्याचं मला माहीत होतं. त्याला कळू न देता मी ताटं उजवीकडे ठेवायला लागले होते. तू माझ्याशी खोटं बोललास त्याचा राग आहे. तू ओरडलास त्याचा नाही. तो तुझ्याशी बोलणार नाही, म्हणून मी लिहिते आहे."

मला दुसरा कॅचर दिला. चांगला होता, पण माझा चेंडू त्याच्या हातांत राहत नव्हता. म्हणून मी हळू टाकायला लागलो, मग वाकडा टाकायला लागलो, आणि ब्याऐंशीच्या जुलैमध्ये खांद्यात काहीतरी ताणलेल्या दोरीसारखं तुटलं. ऑक्टोबरमध्ये मी विलार्ड फॉल्सला परत आलो. उजव्या हाताने केस विंचरता येत नव्हते. कारखान्यात कागदाचे ताव मोजून गठ्ठे बांधायचं काम मिळालं.

मर्टी खालच्या मजल्यावर होता, हौदांचा मुकादम. आमची गाठ रोज जिन्यात पडायची. तो भिंतीच्या बाजूने जायचा, मी कठड्याच्या बाजूने. तो मान तेवढी हलवायचा, आणि तीही सगळ्यांनाच हलवायचा. असं दीड वर्ष.

चौऱ्याऐंशीच्या वसंतात कारखान्याच्या पोरांनी आपला संघ काढला. कॅचर कसा उभा राहतो ते शिकवायला मर्टीला बोलावलं. एका संध्याकाळी सुटी झाल्यावर मी मैदानाच्या कडेने घरी जात होतो. मर्टी एका गड्याला बॅटच्या जागेमागे उभा करून शिकवत होता, पण चेंडू फेकणारा पोरगा भलतीकडे फेकत होता. मर्टीने दोनदा शिव्या दिल्या. मग त्याची नजर माझ्यावर पडली. 

"तुझ्या हाताने काही येतं का अजून?" त्याने विचारलं.

"हळू येतं. खांद्याच्या खालून."

"हळूच पाहिजे. ये इकडे."

मी कुंपण ओलांडून गेलो. हळू टाकत राहिलो, तो सांगेल तिथे. मध्येच तो म्हणाला, "वर. अजून वर." अर्धा तास झाला, अंधारायला आलं, पोरं घरी गेली. आम्ही दोघं चेंडू गोळा करत राहिलो. मला वाटलं आता नाही विचारलं तर कधीच नाही.

"मर्टी, मी ओरडलो नसतो तर तू—"

"ओरडायलाच हवं होतं," तो म्हणाला. त्याने एक चेंडू गवतातून उचलला, पोत्यात टाकला. "डावीकडे म्हणालास तेव्हाच मी वळलो होतो, लिमन. पुढचं तू माझ्यासाठी नाही बोललास. ते लोकांना सांगितलंस."

 तो म्हणाला ते खरं होतं का, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही, आजही येत नाही. एवढं मात्र आठवतं, की ते शब्द तोंडातून गेले तेव्हा मला एकदम हलकं वाटलं होतं, आणि त्याचं कारण फक्त तो वाचला हे नव्हतं. आता मला टोपी काढावी लागणार नव्हती.

"हॅनोराने बीन्स शिजवल्यात," मर्टी म्हणाला. "ती म्हणते, तू वाळलायस."

त्यानंतर मी दर शनिवारी त्याच्याकडे जेवायला जायचो. आम्ही खेळाबद्दल पुष्कळ बोलायचो, त्या ऑगस्टबद्दल कधीच नाही. त्याने शिकवलेल्यांपैकी दोघं मोठ्या शहरांच्या क्लबांत गेले. दोघांनाही त्याने पहिल्या दिवशी जाळी घातल्याशिवाय मैदानात पाऊल टाकू दिलं नव्हतं, आणि कुणी कुरकुर केली तर तो त्या पोराची हनुवटी धरून आपला डावा डोळा जवळून दाखवायचा. बाहुली तशीच राहिली होती, मोठी, काळी, न मिटणारी.

एकोणीसशे चारच्या हिवाळ्यात तो फुप्फुसाच्या तापाने गेला. सत्तेचाळीस वर्षांचा होता. कारखान्याने अर्धा दिवस सुटी दिली. खांदा देणाऱ्यांत मी होतो, डावा खांदा दिला, कारण माझा उजवा हात वर जात नाही. बर्फ पडलेलं होतं, वाट चढाची होती, आणि हॅनोरा आमच्या पुढे एकटी चालत होती, मागे न बघता, आम्ही येतोय हे धरून.